उदासिनीकरणाच्या पुढचा धडा

एन.सी.ई.आर.टी.च्या इयत्ता दहावीच्या विज्ञान पुस्तकात आम्ल-आम्लारींचे प्रकरण एका घरगुती प्रश्नाने सुरू होते. जास्त जेवल्यामुळे घरातल्या कोणाला अ‍ॅसिडिटी झाली, तर लिंबाचा रस, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांपैकी काय सुचवाल? अपेक्षित उत्तर अर्थातच सोडा. विज्ञान घरापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे आणि उदासिनीकरणाच्या दृष्टीने उत्तरही बरोबर आहे. आमची तक्रार एवढीच, की प्रश्न औषधाचा आहे आणि उत्तर मात्र परीक्षानळीचे.

थोडा हिशेब करून पाहू. सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ४.२ ग्रॅम सोड्यात १.१५ ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २ ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा एका चमच्यातच संपला! उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला हे परवडणारे नाही. शिवाय पुरेसे आम्ल मिळाल्यास एवढ्या सोड्यापासून सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होईल. जठरात एका वेळी सहसा तेवढे आम्ल नसते, म्हणून प्रत्यक्षात वायू कमी निघतो. तरीही पोट तुडुंब भरलेले असताना सोडा घेऊ नये, अशी सूचना अमेरिकेत अशा औषधांवर छापावी लागते. आणि पुस्तकातला माणूस तर नेमका जास्त जेवलेला आहे.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. आज घरोघरी दिसणारी अ‍ॅसिडिटीची गोळी आम्लाचे उदासिनीकरण करतच नाही. बारावीच्या रसायनशास्त्रात सिमेटिडिन व रॅनिटिडिन या आम्लनिर्मिती कमी करणाऱ्या औषधांची ओळख होती, पण तो पाठ २०२२-२३ च्या कपातीत वगळला गेला. तो राहिला असता तरी सुधारावा लागला असता. रॅनिटिडिनमध्ये कर्करोगकारक मानले जाणारे एक अशुद्ध द्रव्य आढळल्याने २०२० साली अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले आणि भारताच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गळले.

ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल अशी 'प्रॅझोल'ने संपणारी नावे आपण रोज ऐकतो. ही औषधे जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये हायड्रोजन आयन बाहेर टाकणारा 'प्रोटॉन पंप' बंद करतात. गोळी जठरात विरघळू नये म्हणून तिच्यावर आवरण असते. औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून त्या पेशींत पोचते. पंप चालू असेल तरच ते त्याला जखडते. जेवणाने पंप चालू होतात, म्हणून ही गोळी सहसा जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जखडलेला पंप पुन्हा सुटत नाही, नवे पंप तयार व्हावे लागतात. त्यामुळे परिणाम दिवसभर टिकतो, पण पुरता दिसायला काही दिवस लागतात. जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली की चावून खाल्लेली गोळी म्हणूनच फारशी कामाची नाही.

औषध बंद करतानाची गोष्टही पुस्तकात यायला हवी. आम्ल घटले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवून आम्लनिर्मितीची तयारी वाढवते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवली, की दबलेले आम्ल उसळते. डेन्मार्कमधील २००९ सालच्या एका प्रयोगात १२० निरोगी स्वयंसेवक होते. आठ आठवडे एसोमेप्रॅझोल घेऊन थांबलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळीसारखा त्रास झाला, तर नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. ज्यांना आजारच नव्हता त्यांची ही स्थिती! रुग्णाला मात्र वाटते, आजार उलटला. तो पुन्हा गोळीकडे वळतो.

म्हणून ही औषधे वाईट, असा निष्कर्ष काढणे हीदेखील चूकच. रक्तस्राव होणारा व्रण, अन्ननलिकेचा तीव्र दाह, वेदनाशामके दीर्घकाळ घ्यावी लागणारे वृद्ध रुग्ण यांना त्यांचा मोठा आधार आहे, आणि त्यांनी ती परस्पर बंद करू नयेत. साडेसतरा हजार हृदयरुग्णांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे तीन वर्षांच्या चाचणीत पॅन्टोप्रॅझोलमुळे न्यूमोनिया किंवा अस्थिभंग वाढल्याचे दिसले नाही. आतड्यांचा जंतुसंसर्ग मात्र १.० टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर गेला. आम्ल हे अन्नाबरोबर येणाऱ्या जंतूंवरचा पहारेकरी आहे, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते, तेव्हा डॉक्टरांची देखरेख हवी. आपल्याकडे ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आहेत, ती याचसाठी.

दहावीच्या वर्गात हे सारे पेलेल का? आम्हाला वाटते, पेलेल. सामू २ वरून ५ झाला तर हायड्रोजन आयनांची संहती किती पट घटली, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. उत्तर हजार पट येते, आणि पहारा किती ढिला झाला ते आकड्यानेच कळते. मूळ प्रश्नही थोडा बदलावा: घरात कोणी महिनाभर रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असेल, तर त्यांना काय विचाराल? कोणी दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी, जेवणाआधी की नंतर? काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, कारणाशिवाय घटणारे वजन यांपैकी काही आहे का? आणि छातीतली जळजळ हात-जबड्याकडे पसरत असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल, तर सोडा आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यायचे. या उत्तराला पुस्तकातल्या तीन पर्यायांत जागाच नाही.