पुड्याची मागची बाजू

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अन्नभेसळीचा तक्ता हमखास असतो. खव्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले की तो निळा-काळा होतो, म्हणजे त्यात पिष्टमय पदार्थ मिसळला आहे, हे मुले उत्साहाने दाखवतात. प्रयोग चांगला आहे. आम्हीही तो वर्षानुवर्षे करून घेतला. पण आज वाण्याकडून येणारे बरेचसे खाणे बंद पुड्यातले असते. त्यात जे काही असते ते सहसा कायद्याने संमत असते आणि पुड्यावर छापलेलेही असते. तरीही गिऱ्हाईक फसते. ही फसवणूक परीक्षानळीत सापडत नाही.

गेल्या सत्रात आम्ही आठवीच्या मुलांना घरातली रिकामी वेष्टने आणायला सांगितली. त्यात बिस्किटांचा एक पुडा होता. दर्शनी बाजूला गव्हाच्या लोंब्या, नाचणीचे कणीस आणि 'अनेक धान्यांचे' असा ठसठशीत मजकूर. मागच्या बाजूला घटकांची यादी, तीही इतक्या बारीक टाइपात की भिंग काढावे लागले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावेत असा नियम आहे. पहिला होता रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, म्हणजे आपला मैदा. मग साखर, मग पामतेल. ज्या घटकाचा दर्शनी बाजूला गाजावाजा केला असेल त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते, म्हणून नाचणीचा आकडा मिळाला: १.५ टक्के. शंभर ग्रॅममध्ये दीड ग्रॅम! चित्रातल्या कणसातच याहून जास्त नाचणी असेल, असे एक मुलगी म्हणाली.

याच यादीत आणखी खाली इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज होते. दोन्ही शर्कराच. पण नावे वेगळी असल्याने प्रत्येकीचे वजन वेगळे मोजले जाते आणि ती यादीत खाली सरकतात. सगळ्या एकत्र मोजल्या तर साखरेचे खरे वजन कळेल. नियम मोडलेला नाही, अर्थ मात्र हरवला.

खरी गंमत पोषणमूल्यांच्या तक्त्यात आहे. शंभर ग्रॅममागे वरून घातलेली साखर २८ ग्रॅम, आणि शेजारच्या रकान्यात 'एका वाढणीतून दैनंदिन गरजेच्या ८ टक्के'. आठ टक्के म्हणजे किरकोळ, असे वर्गाचे मत पडले. मग आम्ही वाढणी किती ते शोधले: १५ ग्रॅम, म्हणजे दोन बिस्किटे. पुडा ७५ ग्रॅमचा, आणि मधल्या सुट्टीत तो एकटा मुलगा संपवतो. पुड्यात साखर २१ ग्रॅम, म्हणजे चार चमच्यांहून थोडी जास्त. हे टक्के काढताना दिवसाला ५० ग्रॅम साखर आणि २००० किलोकॅलरी हा प्रौढ माणसाचा हिशेब धरलेला असतो. त्या हिशेबानेही ४२ टक्के झाले. शिवाय ५० ग्रॅम ही गरज नव्हेच. साखरेच्या एका ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर ते एकूण ऊर्जेच्या १० टक्के होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली हीच वरची मर्यादा सांगून ५ टक्क्यांच्या खाली राहणे अधिक चांगले असे सुचवले आहे. कमाल मर्यादेला 'गरज' म्हणणे ही शब्दांची भेसळ आहे, असे आमचे मत आहे.

बाकीचे नमुने थोडक्यात. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त': वनस्पतिजन्य तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल, तेव्हा कौतुक कसले? आइस्क्रीमसारखा दिसणारा डबा, पण नाव 'फ्रोझन डेझर्ट', कारण त्यातला स्निग्धांश दुधाचा नसून वनस्पती तेलाचा.

यावर नेहमीचे उत्तर असते की ग्राहकाने जागरूक राहून वाचावे. आम्हाला हे अर्धेच पटते. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे, मराठी ऐच्छिक. आमच्या मुलांच्या घरी किराणा आणणारी आई मराठी शाळेत शिकलेली आहे. तिने भिंग, शब्दकोश आणि त्रैराशिक घेऊन दुकानात उभे राहावे, अशी अपेक्षा करणारे स्वतः किती वेळा पुडा उलटून पाहतात?

चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा ऊर्जा जास्त असलेल्या पुड्यांवर समोरच काळा अष्टकोन छापायला लावला. तो वाचायला गणित लागत नाही. आपल्याकडे २०२२ च्या मसुद्यात ताऱ्यांची पद्धत सुचवली गेली. तीत तंतुमय पदार्थ, प्रथिने किंवा सुकामेवा यांचे गुण साखर-मिठाच्या दोषांतून वजा होतात. म्हणजे थोडे बदाम घालून तारा वाढवता येईल. परीक्षेत चित्रकलेचे गुण गणितात मिळवण्यासारखेच हे!

पुढच्या सत्रात आम्ही मीठ घेणार आहोत. तक्त्यात सोडियम दिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते, आणि अडीचच का, हे नववीची मुले अणुवस्तुमानांवरून काढू शकतात. वेष्टने जमू लागली आहेत. सर्वांत आधी शेवेची आणि पापडाची आली.