लाटेकची पॅकेजे आणि मराठी प्रश्नपत्रिका

विज्ञानाची प्रश्नपत्रिका मराठीत छापायची म्हटले की तीन गोष्टी एकाच ओळीत नांदवाव्या लागतात. देवनागरी मजकूर, रोमन चिन्हांतली सूत्रे आणि आकृती. खिळे जुळवण्याच्या काळात जुळारी हे काम हातांनी करीत. पुढे डीटीपी आले, आणि शिक्षकाने कागदावर लिहून द्यायचे, दुकानदाराने टंकून द्यायचे, असा रिवाज पडला. या रिवाजात पाण्याच्या सूत्रातला २ खाली न उतरता ओळीतच राहतो आणि दुसऱ्या मुद्रितात दुरुस्त होतो. तिसऱ्यात तो पुन्हा वर आलेला असतो, हे आमच्या बहुतेक वाचकांना सांगायला नको.

हा रिवाज मोडता येईल का, हे पाहण्यासाठी आम्ही हातकणंगले तालुक्यातल्या काही शिक्षकांनी लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणि तिला जोडायची काही पॅकेजे वापरून पाहिली. नववीची विज्ञानाची एक आणि पाचवीची गणिताची एक, अशा दोन सराव प्रश्नपत्रिका त्यांतून काढल्या. पुढचे परीक्षण त्या दोन कागदांच्या आधारावर आहे. (नावात रबराचा चीक नाही. शेवटचे अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, म्हणून लाटेक किंवा लाटेख म्हणावे.)

थोडा पूर्वेतिहास सांगणे भाग आहे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांना १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत. म्हणून त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावलीच लिहायला घेतली. ती म्हणजे टेक. तिच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीगणिक पायच्या किमतीकडे एकेक दशांश स्थळाने सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात टेकवर लाटेक उभारले. यात पानावर काय कसे दिसावे हे माऊसने ओढून ठरवायचे नसते. ‘हा प्रश्न’, ‘हे सूत्र’, ‘ही आकृती’ अशा खुणा मजकुरातच लिहायच्या आणि जुळणी संगणकावर सोपवायची.

पॅकेज म्हणजे काय, हे इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्यांना समजावणे सोपे आहे. माग तोच असतो. त्यावर डॉबी चढवली की एक प्रकारची वीण निघते, जकार्ड चढवले की दुसरी. लाटेकच्या मूळ मागावर चढवायची अशी सहा हजारांहून अधिक पॅकेजे जगभरच्या लोकांनी लिहिली आहेत आणि ती एका सामायिक भांडारात बहुतेक फुकट मिळतात. सारी घ्यायची तर काही जीबी जागा लागते. आपल्याला लागणारी आठ-दहाच घेतली तरी चालते.

देवनागरीचा प्रवेश या जगात बराच लवकर झाला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली देवनागरीसाठी टंक आणि ‘देवनाग’ ही पूर्वप्रक्रिया करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. मजकूर ठरावीक रोमन लिप्यंतरात लिहायचा आणि तिने तो देवनागरीत उतरवायचा. पुढच्या आवृत्त्यांत मुंबई वळण आणि कलकत्ता वळण अशी अक्षरांची निवडही आली. आज ही पद्धत मागे पडली आहे, आणि शाळेतल्या कोणाला आम्ही ती सुचवणार नाही. तरी तिची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेव्हा लिहिलेली संचिका आजही उघडते, वाचता येते आणि यांत्रिक रीतीने आजच्या युनिकोडमध्ये बदलता येते. याउलट त्याच दशकात आपल्याकडे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवणारे टंक सर्रास वापरले गेले. तो टंक संगणकावर नसेल तर मजकुराचा कचरा दिसतो. एकेका शिक्षकाने दहा-पंधरा वर्षे जमवलेल्या प्रश्नांच्या पेढ्या अशा कचऱ्यात अडकून पडल्या आहेत. लाटेकचा विचार करण्याचे आमचे मुख्य कारण हेच आहे. छपाईची सुबकता नंतरची.

आज मराठी थेट युनिकोडमध्ये लिहिता येते. जोनाथन क्यू यांचे झीटेक २००४ साली आले आणि संगणकावरचा कोणताही ओपनटाइप टंक वापरता येऊ लागला. लुआटेकचे नवे रूपही आता देवनागरीची जोडाक्षरे नीट बसवते. टंक निवडण्यासाठी ‘फॉन्टस्पेक’ आणि भाषेसाठी ‘पॉलिग्लॉसिया’ किंवा ‘बेबेल’ एवढे पुरते. ‘मराठी’ याच नावाचे एक पॅकेज ही जुळवाजुळव एका ओळीवर आणते, आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. ‘लाटेक-एमआर’ ही मराठी व इतर भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली मार्गदर्शिकाही त्याच भांडारात आहे. टंक म्हणून आम्ही मुंबईच्या आयआयटीतून आलेला ‘शोभिका’ वापरला. राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वरून त्यातील देवनागरी घेतलेली आहे, आणि सूत्रांच्या शेजारी ती शोभते.

फॉन्टस्पेकला लिपी देवनागरी आहे एवढेच सांगून भागत नाही. भाषा मराठी आहे हेही सांगावे लागते. नाही तर अखिल भारतीय टंकात ल आणि श यांची हिंदी वळणे छापून येतात. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वळणे निश्चित केली आहेत, आणि दुसरीच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या कागदावर ती चुकलेली चालत नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची मात्र आम्ही मुद्दाम कसोटी घेतली. भूगोलाच्या पेपरात हा फरक समुद्र आणि डोंगर यांच्याइतका मोठा आहे. दोन्ही शब्द अचूक आले.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे मराठी नियमही तयार आहेत. पण ते अक्षरांवर बेतलेले आहेत, अर्थावर नाहीत. ‘हातकणंगलेकरांच्या’ हा शब्द ‘हातक’पाशी तुटायला नियमांची हरकत नसते. वाचणाऱ्याची असते. आम्ही प्रश्नपत्रिकेत शब्द तोडणे बंदच ठेवले.

आता विज्ञानाची पॅकेजे. ‘एमएचकेम’चे आम्ही मनापासून कौतुक करतो. रासायनिक सूत्र जसे तोंडाने म्हणतो तसे सरळ टंकायचे; कुठला आकडा खाली जायचा, कुठला भार वर जायचा हे ते स्वतः ठरवते. समीकरणातला बाणही वजाचे चिन्ह आणि कोन टंकून मिळतो. या लेखाच्या सुरुवातीचा तो २ इथे कायमचा खाली बसतो.

‘टिकझी’ने आकृत्या काढायच्या त्या निर्देशक सांगून. बेडकाची पचनसंस्था यातून काढायच्या भानगडीत कोणी पडू नये. ती हाताने काढून चिकटवावी. पण बहिर्गोल भिंगाची किरणाकृती काढून पाहा. नाभीय अंतर २ सेंमी, वस्तू ३ सेंमीवर, तर प्रतिमा ६ सेंमीवर आणि दुप्पट उंच यायला हवी. वस्तूचे अंतर ही एक संख्या म्हणून लिहिली आणि प्रतिमेचे स्थान तिच्यावरून काढायला सांगितले, की ३ चे ४ केल्याबरोबर किरण नव्या जागी, म्हणजे ४ सेंमीवर, मिळतात. पुस्तकातून उतरवलेल्या कित्येक आकृत्यांत प्रतिमा डोळ्यांना बरी दिसेल तिथे काढलेली असते. इथे तसे करताच येत नाही. आमच्या मते ही आकृती काढणे हाच एक पाठ आहे, आणि तो विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे.

‘एग्झाम’ हे पॅकेज खास परीक्षेसाठीच आहे. प्रत्येक प्रश्नाचे गुण लिहिले की बेरीज ते करते. एक प्रश्न गाळला की एकूण गुण आपोआप बदलतात. उत्तरेही प्रश्नाखालीच लिहून ठेवायची आणि एक शब्द बदलून कधी प्रश्नपत्रिका, कधी नमुना उत्तरपत्रिका छापायची. चाळीसच्या पेपरात एकेचाळीस गुण निघाल्याचा प्रसंग ज्यांच्या शाळेत घडला आहे, त्यांना याचे मोल कळेल. पण हे पॅकेज इंग्रजी घरात वाढलेले आहे. गुणांपुढे ते ‘पॉइंट्स’ छापते. ते बदलू पाहिले तर एकवचन आणि अनेकवचन दोन्ही मागते, आणि ‘गुण’ हा शब्द दोनदा लिहून द्यावा लागतो. उपप्रश्नांना अ, ब, क न येता इंग्रजी मुळाक्षरे येतात, तीही हाताने बदलावी लागतात. यातले अवघड काहीच नाही, फक्त पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवे.

सर्वांत मोठी तक्रार गणिताच्या प्रश्नपत्रिकेची. सूत्राच्या चौकटीत लाटेक वेगळे गणिती टंक वापरते आणि नेहमीच्या गणिती टंकात देवनागरी अंक नसतात. ‘५ + ७ = १२’ असे आम्ही सूत्र म्हणून लिहिले, तेव्हा पानावर फक्त + आणि = एवढेच उमटले. यंत्र थांबले नाही. अमुक अक्षर टंकात सापडले नाही, अशी सूचना तेवढी अहवालात नोंदवून ते मोकळे झाले. उपाय आहेत: अंक मजकूर म्हणून द्यायचे किंवा गणिती टंकाची मांडणी बदलायची. पण पाचवीच्या गुरुजींनी एका बेरजेसाठी एवढे का करावे? ज्या भाषेत खालच्या वर्गांचे गणितच देवनागरी अंकांत शिकवले जाते, तिच्यासाठी ही सोय भाषेच्या पॅकेजातच असायला हवी. प्रकरणांचे आणि पानांचे क्रमांक देवनागरीत आणण्याची सोय आहे. म्हणजे गरज कोणाच्या ध्यानी आलेली आहे, फक्त ती शाळेच्या फळ्यापर्यंत पोचलेली नाही.

कळफलकाचीही अडचण आहे. लाटेकच्या आज्ञा सहसा उलट्या तिरप्या रेघेने सुरू होतात आणि पुष्कळदा महिरपी कंसांत बंद होतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर नेमक्या त्याच कळांवर ऑ चे चिन्ह, ढ आणि ञ बसलेले आहेत. त्यामुळे दर चार शब्दांनी कळफलक मराठीतून इंग्रजीत आणि परत न्यावा लागतो. आम्ही त्यावर तोडगा काढला तो असा: आज्ञांचा सांगाडा आधी इंग्रजी कळफलकाने एकदाच लिहून ठेवायचा आणि मग मराठी मजकूर रिकाम्या जागी भरत जायचे. हाच सांगाडा पुढच्या घटक चाचणीलाही चालतो.

मग वर्ड सोडून द्यावे काय? दोन पानांची, सूत्रे नसलेली सूचना काढायची असेल तर मुळीच नाही. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये युनिकोड मराठी चांगली चालते आणि काम दहा मिनिटांत होते. लाटेकची पहिली प्रश्नपत्रिका आम्हाला तीन संध्याकाळी लागली, दुसरी एक. ज्यांना वर्षाकाठी एकच पेपर काढायचा आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मिळून विज्ञानाच्या प्रश्नांची सामायिक पेढी करायची असेल, तर मात्र साध्या मजकुराची ही संचिका पेन ड्राइव्हवरून कुठेही जाते. ती उघडायला विशिष्ट टंक लागत नाही आणि कोणी कोणता प्रश्न बदलला हे ओळीगणिक ताडून पाहता येते.

‘एग्झाम’ पॅकेजाला मराठी वळण देणाऱ्या सात-आठ ओळी आणि देवनागरी बेरजांसाठीचा तोडगा आम्ही एका रिकाम्या प्रश्नपत्रिकेच्या रूपात लिहून ठेवला आहे. सध्या तीत आठवीच्या ‘धातू-अधातू’ पाठाचे प्रश्न भरण्याचे काम चालू आहे.