अंदेशाची रोजनिशी

उर्दूत खौफ आणि अंदेशा हे दोन वेगळे शब्द आहेत. समोर आलेल्याचा खौफ, अजून न आलेल्याचा अंदेशा. कर्करोगावरील बरीच आत्मकथने खौफाची असतात. उपचार झाले, केस पुन्हा आले, पुस्तक संपले. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की जी झोप उडते, तिची नोंद त्यांत क्वचितच सापडते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) म्हणूनच आम्हाला मोलाचे वाटते. १९७८ साली त्यांचा एक स्तन काढावा लागला. त्यानंतरच्या रोजनिशीत भीती जाते आणि परत येते. लॉर्ड ती लपवत नाहीत. कृत्रिम स्तन लावून काही घडलेच नाही असे दाखवणेही त्या नाकारतात. मात्र मनःशांतीसाठी तो लावणाऱ्या स्त्रीला त्या पुरेसे समजून घेत नाहीत, ही उणीव जाणवते.

१९८४ मध्ये यकृतात गाठ आढळली. तो पसरलेला कर्करोगच होता. मग पहिले पुस्तक खोटे ठरले का? नाही. त्यात विजयाचा दावाच नव्हता. ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ (१९८८) मध्ये रोजनिशी पुढे चालू राहते. १९९२ साली लॉर्ड यांचे निधन झाले.

आपल्या घरांत बऱ्या झालेल्या बाईने भीती बोलून दाखवली, की ‘शुक्र करा’ म्हणून तिला गप्प केले जाते. शुक्र आणि अंदेशा एकाच मनात नांदू शकतात. तशा नोंदी मराठीत आणि उर्दूतही लिहिल्या गेल्या पाहिजेत.