जलयुक्त शिवार : एका सोप्या सूत्राची चिकित्सा

5 डिसेंबर 2014 च्या शासननिर्णयाने सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाची चर्चा प्रामुख्याने खर्च व कामांची संख्या या अंगांनी झाली. त्यामागील प्रतिमानाची चिकित्सा अभावानेच आढळते. प्रस्तुत टिपणात मराठवाड्याच्या संदर्भात ती करावयाची आहे.

दरवर्षी 5,000 गावे घेऊन 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करणे हे अभियानाचे उद्दिष्ट होते. गाव हे एकक मानायचे, गावाची गरज आणि गावात अडविलेले पाणी यांचा मेळ बसला की गाव जलपरिपूर्ण समजायचे, असा हा हिशेब आहे. तो समजण्यास सोपा, म्हणूनच प्रशासनाला प्रिय. परंतु पाणी गावाची शीव ओळखत नाही; ते पाणलोटाच्या उताराने आणि खडकाच्या गुणधर्मानुसार वाहते.

नाला खोलीकरणात ही उणीव ठळकपणे दिसते. त्यामागील प्रेरणा धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या प्रयोगाची. तेथे तापी खोऱ्यातील गाळाचे जाड थर आहेत. मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा. वर मुरमाचा थर, खाली बऱ्याच ठिकाणी अखंड पाषाण. येथे नाला भूजलपातळीच्या खाली खणला, तर जमिनीत मुरण्याऐवजी आजूबाजूच्या विहिरींचेच पाणी नाल्यात पाझरते आणि उन्हात आटते. एका भूस्तराचे उत्तर दुसऱ्यावर लादले गेले, ते यंत्रांच्या साहाय्याने आणि वेगाने.

2020 मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, सुमारे 9,600 कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागविण्यावर व भूजलपातळीवर अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष काढला. टीकाकारांनी 2019 च्या टँकरांकडे बोट दाखविले. तथापि 2018 चा पावसाळा अपुरा होता. टँकर मोजून अपयश ठरविणे हेही तितकेच सोपे, आणि तितकेच अपुरे, प्रतिमान होय.

मूळ त्रुटी हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस आहे. अडविलेल्या पाण्याची मोजदाद काटेकोरपणे होते, उपशाची होत नाही. विहिरीला पाणी आले की ऊस येतो, कूपनलिका खोल जाते, शेततळेदेखील कित्येकदा भूजल उपसूनच भरले जाते. शेतकऱ्याचा हा निर्णय पूर्णतः तर्कसंगत आहे. हिशेबात मात्र त्याला स्थान नाही. वस्तुतः पाणलोट क्षेत्र समित्यांची आणि उपशाच्या नियमनाची तरतूद करणारा महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 हा अभियानापूर्वी काही महिने, 2014 मध्येच, अंमलात आला होता. कायद्याने पाणलोट पाहिला. अभियानाने गावनिहाय तक्ते भरले.