दीक्षाभूमीचा स्तूप : पोकळीचा अर्थ

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपास सांचीची प्रतिकृती म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वास्तुशिल्पी शिवदान मल यांच्या कृतीवर हा अन्याय होय, असे आमचे मत आहे. सांचीचा महास्तूप भरीव आहे. उपासक त्यास बाहेरून प्रदक्षिणा घालतो, आत जाऊ शकत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात उपासक आत येतो. परंतु तेथेही खडकात कोरलेला स्तूप भरीवच असून तो मंडपाच्या टोकाशी उभा आहे. मल यांनी स्तूप व चैत्यगृह एकरूप केले. घुमट पोकळ ठेवून त्याच्या आतच सभागृह योजले. आकार सांचीचा राहिला, आशय मात्र पालटला.

या पोकळीस कोणी शून्यतेचे प्रतीक म्हणेल, तर आम्ही एक पुस्ती जोडू. पाली निकायांत ‘सुञ्ञ’ म्हणजे नुसते रितेपण नव्हे. जग ‘मी’ आणि ‘माझे’ यांपासून रिते आहे, हा त्याचा अर्थ. याच निकषावर ही पोकळी सार्थ ठरते. गाभाऱ्यात अधिकारी तेवढा शिरतो, इतर उंबऱ्याबाहेर थांबतात. येथे गाभाराच नाही; बाबासाहेबांच्या अस्थींसमोर सारे समान उभे राहतात.

दुसरा विशेष चार दिशांच्या चार दारांचा. तथागतांचा स्तूप चार महापथ मिळतात तेथे उभारावा, असे महापरिनिब्बानसुत्त सांगते. ज्या समाजास १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या भूमीवर चारी दिशांना दारे उघडावीत, हेच या वास्तूचे काव्य. ते नक्षीकामात शोधू नये.

१८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते या स्तूपाचे उद्घाटन झाले. नवे विहार बांधताना त्याचे अनुकरण करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु छपरावर सिमेंटचा घुमट बसवला आणि खालचे दार केवळ पौर्णिमेला व जयंतीलाच उघडले, तर रेषा घेतली व विचार टाकला, असे होईल. विहार समित्यांनी घुमटाची उंची ठरवण्यापूर्वी आत किती जणांना बसता, वाचता, शिकता येईल आणि दार रोज कोण उघडेल, हे ठरवावे, अशी आमची विनंती आहे.