दहा टक्के, पण कशाचे?

आज आपण अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या मतदान-नियमांची चिकित्सा करू. फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये परत घ्यायची, तर कोणाच्या संमतीने? विषय रुक्ष वाटेल, पण बघा, सगळा वाद एका अपूर्णांकात मावतो. अंशाकडे सगळेच बघतात. आपण छेदाकडे बघू.

डिसेंबर १८६३. युद्ध चालूच होते. लिंकननी जाहीर केले की, बंडखोर राज्यात १८६० साली जितक्यांनी मतदान केले, त्याच्या एक-दशांश मतदारांनी निष्ठेची शपथ घेतली तर त्यांनी नवे सरकार उभारावे. काँग्रेसला हे फार सैल वाटले. १८६४ च्या वेड-डेव्हिस विधेयकाने दहाऐवजी निम्म्याहून अधिक लोकांची शपथ मागितली. लिंकननी सही केली नाही आणि ते बारगळले. पुस्तकांत हा वाद ‘दहा की पन्नास’ असा रंगवतात. आमचा आक्षेप निराळा आहे. दहा टक्के कशाचे? १८६० चे तिथले मतदार गोरे पुरुष. विधेयकातही मोजायचे ते गोरे पुरुषच. ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध पेटले, ते दोन्ही हिशेबांत छेदातच नाहीत!

छेद बदलला तो मार्च १८६७ मध्ये. अध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने दहा राज्यांत काळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. स्त्रिया बाहेरच राहिल्या. पण त्याच महिन्यात आणखी एक अट आली: नव्या राज्यघटनेवर नोंदणी झालेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मतदान केले पाहिजे. हेतू चांगला, व्यापक संमती मिळावी. झाले काय? फेब्रुवारी १८६८ मध्ये अलाबामातले विरोधक सरळ घरी बसले. बाजूने सुमारे ७० हजार मते, विरोधात जेमतेम हजार, तरी घटना नापास. म्हणजे दिलेल्या मतापेक्षा न दिलेले मत जड. शिवाय विरोधक येणारच नसतील, तर केंद्रावर दिसेल तो बाजूचाच. मग गुप्तता कसली?

११ मार्चला काँग्रेसने नियम बदलला: झालेल्या मतदानाचे बहुमत पुरे. जूनमध्ये अलाबामाला त्याच जुन्या मतदानावर परत घेण्याचा कायदाही केला. नवा नियम योग्य होता. तो झालेल्या मतदानाला मागून लावणे योग्य नव्हते, असे आम्हांला वाटते. त्यामुळे विरोधकांना आयती तक्रार मिळाली.

त्याहून मोठी उणीव उत्तरेतली. १८६७ मध्येच ओहायोच्या मतदारांनी आपल्या राज्यात काळ्यांना मताधिकार नाकारला. १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती आली, पण ती नकारार्थी: वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी यांवरून मत नाकारू नये, एवढेच. मतदानासाठीचा कर, वाचनाची परीक्षा, यांविषयी अवाक्षर नाही. १८९० मध्ये मिसिसिपीने नेमकी हीच फट वापरली.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांचे मोठेपण खरेच आहे. तरी मुक्त झालेला माणूस मोजला जाईल, याची हमी त्यांच्या कायदेमंडळाने अर्धीच दिली. तेव्हा मतदानाचा कुठलाही नियम समोर आला, की टक्का ऐकून थांबू नका. तो कशाचा, हे आधी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.