‘चांगला’ शेरा वाईट कसा ठरतो? देव दत्त निकालाची समीक्षा



पेटची तयारी करणारे विद्यार्थी सेवाविषयक कायद्यात विषय शोधतात तेव्हा ‘पदोन्नती नाकारली, कोर्टात गेले, न्याय मिळाला’ अशा एका ओळीत निकाल उरकून टाकतात. निकाल असा वाचला तर संशोधनाचा प्रश्न हाताला लागतच नाही. म्हणून आज आपण एकच निकाल नीट वाचूया: देव दत्त विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १२ मे २००८.

आधी प्रकरण काय ते बघू. अर्जदार सीमा रस्ते सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता व्हायचं तर मागच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत ‘अतिशय चांगला’ शेरा लागायचा. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘चांगला’ मिळाला. तो त्यांना कळवलाच नाही. पदोन्नती समितीने त्यांना वगळलं आणि कनिष्ठ सहकारी वर गेले. गुवाहाटी उच्च न्यायालयात ते दोनदा हरले, आधी एकल न्यायाधीशांपुढे आणि मग खंडपीठापुढे.

सरकारचं म्हणणं सरळ होतं: नियमाप्रमाणे फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे असतात, आणि ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नाही.

इथे थोडं थांबा. न्यायालयाने ‘तुमचं काम अतिशय चांगलं होतं’ असं म्हटलं का? अजिबात नाही. कामाचं मूल्यमापन करणं हे न्यायालयाचं काम नव्हे. कर्मचाऱ्याला पदोन्नतीचा हक्क नसतो. पदोन्नतीसाठी विचार होण्याचा हक्क असतो. तो विचार न्याय्य रीतीने झाला का, एवढंच न्यायालय तपासतं. हा फरक वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

न्या. मार्कंडेय काटजू यांनी लिहिलेल्या या निकालाचं खरं बळ एका मुद्द्यात आहे. शेऱ्याचा शब्द काय आहे ते बघू नका, त्याचा परिणाम काय झाला ते बघा. ज्या शेऱ्यामुळे माणूस स्पर्धेतूनच बाहेर पडतो, तो कागदावर ‘चांगला’ असला तरी परिणामाने प्रतिकूलच. मग तो न कळवणं म्हणजे मनमानी, आणि म्हणून अनुच्छेद १४ चा भंग. सरकारी परिपत्रक आड येत असेल तर परिपत्रक बाजूला सरेल, अनुच्छेद नाही.

इथपर्यंत निकाल पटतो. माझे आक्षेप पुढे सुरू होतात.

पहिला आक्षेप तर्काबद्दल आहे. परिणामाची कसोटी लावली तर बेंचमार्कच्या खालचे शेरे कळवणं पुरेसं होतं. न्यायालय मात्र ‘प्रत्येक शेरा कळवा, अगदी उत्कृष्ट असला तरी’ इथपर्यंत जातं. त्यासाठी पारदर्शकता आणि नैसर्गिक न्यायाचा विस्तार हा वेगळा आधार घेतला आहे. दोन्ही आधार आपापल्या जागी योग्य आहेत, पण एकातून दुसरा आपोआप निघत नाही. निकाल वाचताना हा सांधा दिसायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो उपायाबद्दल. न्यायालयाने सांगितलं की शेरा आता कळवा, त्यावर निवेदन घ्या, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निर्णय करा. शेरा सुधारला तर पूर्वलक्षी विचार करा आणि निवृत्तिवेतनाचा फरक व्याजासह द्या. ऐकायला छान वाटतं. पण १९९३-९४ च्या कामाबद्दल २००८ मध्ये कोण काय ठरवणार? ज्यांनी ते काम पाहिलं ते तोवर कुठे असतील? अर्जदारही निवृत्त झालेले. हक्क मिळाला, पण तो वापरायला लागणारा पुरावा काळाने झिजून गेलेला.

याची तुलना अभिजित घोष दस्तिदार निकालाशी करा. तोही २००८ चाच, पण तीन न्यायाधीशांचा. तिथे न्यायालय म्हणालं की न कळवलेला शेरा विचारातच घ्यायला नको होता. आणि निवृत्तिलाभांपुरती मागील तारखेपासून पदोन्नती मानायला सांगितलं. म्हणजे हक्क तोच, पण उपाय पूर्ण वेगळा. एका ठिकाणी फाइल परत खात्याकडे जाते, दुसऱ्या ठिकाणी शेराच बाद होतो. २०१३ मध्ये सुखदेव सिंह प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने देव दत्त योग्य ठरवला, त्यामुळे ‘कळवायलाच हवं का’ हा वाद मिटला. ‘कळवलं नाही तर पुढे काय’ याचं एकच उत्तर मात्र या तीन निकालांतून मिळत नाही. ज्याची नोकरी संपत आलीय, त्याच्यासाठी सगळं काही याच उत्तरावर अवलंबून असतं.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, संशोधनाची जागा आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने मे २००९ मध्ये संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आणि निवेदनासाठी पंधरा दिवस देण्याचा आदेश काढला. आता विचार करा: शेरा वाचला जाणार हे माहीत असलेला साहेब खरं लिहील, की वाद नको म्हणून सगळ्यांना ‘अतिशय चांगला’ देऊन मोकळा होईल? याचं उत्तर निकालपत्रात मिळणार नाही. ते कार्यालयांत, निवेदनांच्या फायलींत आणि मॅटच्या आदेशांत शोधावं लागेल.

तेव्हा प्रस्तावात ‘पदोन्नती आणि न्यायिक पुनर्विलोकन: एक अभ्यास’ असलं ढोबळ शीर्षक देऊ नका. ‘न कळवलेल्या शेऱ्यावर न्यायाधिकरणं कोणता उपाय देतात, आणि तो अर्जदाराच्या निवृत्तीआधी पोचतो का?’ असं विचारा. मॅटचे दहा-पंधरा आदेश काढा, प्रत्येकात तीन तारखा टिपा: शेऱ्याची, अर्जाची, आदेशाची. त्या तारखांमधलं अंतर मोजलं की तुमच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा माल तयार.